तुमच्या घरचा वर्षाचा मसाला: काय पडतं, किती पडतं?

मार्च उजाडला की गच्चीवर मिरच्या पडतात आणि डंकाला रांगा लागतात. दुकानातल्या पाकिटांवर सरसकट ‘काळा मसाला’ छापलेलं असतं, पण पुणे, बीड आणि कोल्हापूर इथल्या घरांतले डबे उघडा, तीन वेगळे वास येतील. ही प्रमाणं बहुतेक घरांत एकाच बाईच्या हातात असतात, कागदावर कुठेच नसतात. ती इथे जमावीत अशी माझी फार इच्छा आहे. काय घालता, किती घालता, आणि मुख्य म्हणजे तो मसाला कशात पडतो, ते लिहा. कृपया ‘अंदाजे’ लिहू नका.

सुरुवात मी करते. आमच्याकडे गोडा. चार वाट्या धने, एक वाटी तीळ, एक वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, पाव वाटी जिरं. मग शहाजिरं, लवंग, दालचिनी, तमालपत्र, नागकेशर, हिंग आणि मूठभर दगडफूल. मिरची नावापुरती. प्रत्येक जिन्नस थेंबभर तेलावर वेगवेगळा भाजायचा. दगडफूल हे फूल नव्हेच, बुरशी आणि शैवाल एकत्र राहून झाडांच्या सालीवर आणि खडकांवर वाढतात ते. कच्चं हुंगलं तर फारसं काही कळत नाही, तेलात पडलं की वास जिन्यापर्यंत जातो. आमटी, भरली वांगी आणि मसालेभात याच्याशिवाय होत नाहीत.

कोल्हापूरहून
आमच्याकडं कांदा-लसूण. घरात त्याला नुसतं ‘चटणी’ म्हणतात. किलोभर मिरची: निम्मी ब्याडगी रंगाला, निम्मी संकेश्वरी तिखटाला. त्याला अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो खोबरं, पाव किलो धने, थोडे तीळ-खसखस, गरम मसाला, कोथिंबिरीची जुडी आणि खडेमीठ. कांदा उभा चिरून कडक उन्हात वाळवायचा, मग तेलात तांबूस तळायचा. डंकावर आधी मिरची आणि सुके मसाले, कांदा-लसूण शेवटी. आपला नंबर लागला की तिथंच उभं राहायचं, पाटी ठेवून घरी जायचं नाही. आई कुटलेली चटणी हातात दाबून बघते. मूठ उघडल्यावर गोळा टिकला की म्हणते, “झाली, काढा.” मटणाच्या रश्श्यापासून भाकरीवर तेल घालून खाण्यापर्यंत सगळीकडं हीच.

> कांद्यामुळे बुरशी नाही येत?

कांदा कुरकुरीत तळला असेल तर नाही येत. आम्ही बरणी दाबून भरतो, वर हिंगाचे खडे ठेवतो. आणि ओला चमचा घालणाऱ्याला बोलणी खावी लागतात.

बीडहून
मसाला सगळेच करतात, मी येसराबद्दल लिहितो. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ खरपूस भाजून धने, खोबरं आणि खड्या मसाल्यांबरोबर दळतात. येसर पाण्यात कालवून उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडला की आमटी आपोआप दाट होते. भाजी नसेल त्या दिवशी घर यावर निभतं. पाहुणा अचानक आला तरी.

वसईहून
आम्हा ख्रिस्ती घरांत बाटली मसाला. मिरच्या, हळद, धने आणि इतर कितीतरी जिनसांबरोबर यात भाजलेले गहू आणि हरभरेही असतात. पूर्वी मसाला कुटणाऱ्या बायका उन्हाळ्यात घरी यायच्या, अंगणात लाकडी उखळी आणि लांब मुसळं. मसाला बियरच्या गडद तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात, उजेड लागला की रंग उडतो म्हणून. प्रमाण विचारू नका, आमच्या घरात ते सासूकडून सुनेलाच मिळतं! मासे, मटण, भाजी, सगळ्यात पडतो.

कुडाळहून
मालवणी मसाल्यावर कोणीतरी लिहीलच. मला तिरफळांबद्दल सांगायचं आहे, कारण ती मसाल्यात कुटायची नसतात. झाडाच्या खोडावर काटे, फळं घोसानं येतात. वाळल्यावर आतलं काळं बी काढून टाकायचं आणि फक्त टरफल ठेवायचं. बांगड्याच्या आमटीत पाच-सहा, किंचित ठेचून. जिभेला मुंग्या आल्या पाहिजेत.

टोरोंटोहून
इथे दगडफूल मिळत नाही म्हणणाऱ्यांसाठी: स्कारबरोच्या तमिळ दुकानांत ‘कल्पासी’ मागा. तेच ते.

नागपूरहून
भिवापुरी मिरची वापरणारं कोणी आहे का इथे? सावजी रश्श्याचं घरगुती प्रमाण हवं आहे.

जळगावहून
आई सगळं मुठीनं घालते, त्यामुळे विचारून काही हाती लागत नाही. यंदा तिच्या परातीखाली वजनकाटा ठेवला आणि प्रत्येक मुठीनंतर आकडा लिहून घेतला. धन्याची मूठ 40 ग्रॅमच्या आसपास, तिळाची जरा जास्त, दगडफुलाची जेमतेम 5. खोबरं मात्र तिनं वाटीनंच घातलं. शेवभाजीचा काळा मसाला आहे हा, खोबरं जवळजवळ काळं होईपर्यंत भाजायचं. पूर्ण तक्ता आज रात्री टाकतो. मावशीकडे शहाजिरं दुप्पट पडतं, तिच्याकडेही काटा घेऊन जाणार आहे.