हाऊसिंगचं जुनं क्वार्टर रीडेव्हलपमेंटला जातंय, सही करू का?

गोरवाकर ताई:
बडोद्यातल्यांना विचारायचंय. आमचं हाऊसिंग बोर्डाचं एलआयजी (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचं) क्वार्टर आहे, कॉलनीचं नाव नाही लिहीत. स्लॅबचे पोपडे पडतात, जिन्यात सळया दिसतात, पावसाळ्यात तर विचारूच नका. परवा मीटिंग झाली, बिल्डरचा माणूस आलेला, म्हणे दोन बेडरूम, लिफ्ट, पार्किंग, बांधकाम होईपर्यंत भाडं पण देणार आणि 75 टक्के सह्या झाल्या की बाकीच्यांचं काही चालत नाही. फॉर्म घरी देऊन गेलाय, त्यात एरिया आणि भाड्याची जागा कोरीच आहे. क्वार्टर बाबांच्या नावावर, हप्ते फिटलेत पण दस्तावेज (पक्कं खरेदीखत) करायचा राहूनच गेला, आता बाबा नाहीत. आई म्हणते मी इथून हलणार नाही, भाऊ म्हणतो आजच सही कर. काय करू?

मांजलपूरचे काका:
ताई, कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, बाकी सगळं नंतर.

75 टक्क्यांचं तो खोटं नाही बोलला. गुजरात ओनरशिप फ्लॅट्स ॲक्ट 1973 चा, 2018 साली त्यात बदल झाला, 25 वर्षांवरच्या बिल्डिंगला आधी सगळ्यांची संमती लागायची ती 75 टक्क्यांवर आणली. हाऊसिंग बोर्ड आणि कॉर्पोरेशनच्या वसाहतींसाठी 2016 ची सरकारी पॉलिसी वेगळी आहे, तुमचं काम तिच्यात बसत असणार. म्हणून बिल्डरला विचारत बसू नका, बोर्डाच्या ऑफिसात जाऊन टेंडरची कॉपी मागा.

पण तुमचा खरा घोळ नावाचा आहे. यादी बनते ती बोर्डाच्या चोपड्यात ज्याचं नाव त्याची. बाबांचा मृत्यूचा दाखला, वारसांचा पेढीनामा (वंशावळीचा दाखला), भावाचं नाहरकत, हप्त्याच्या पावत्या आणि वेराबिल म्हणजे घरपट्टीचं बिल, एवढं घेऊन आधी नाव चढवा. पेनल्टी वगैरे बाकी निघाली तर ती आत्ताच भरा, शेवटच्या आठवड्यात मग एजंट लोक जे मागतील ते द्यावं लागतं. आमच्या ब्लॉकमध्ये अर्धे लोक पॉवर ऑफ ॲटर्नी आणि बानाखतावर (नुसत्या विक्रीच्या करारावर) राहतात, मूळ अलॉटी कुठे सुरतेला कुठे अमेरिकेत, त्यांची तर याहून वाईट दशा.

तळमजलावाला:
सगळे फायदेच सांगतात, आमच्यासारख्यांचं कोण बोलणार. पुढच्या मोकळ्या जागेत एक खोली आणि दुकान काढलंय, घर त्याच्यावर चालतं. बिल्डर म्हणतो ओरिजिनल कार्पेटच मोजणार, वाढवलेलं बांधकाम शून्य. म्हणजे वरच्या मजल्यावाल्याला लॉटरी आणि मी दुकान घालवून सातव्या मजल्यावर बसू? म्हणे अनधिकृत आहे, मग इतकी वर्षं वेरो कसा घेतला?

मांजलपूरचे काका:
भाऊ, वेरो भरला म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही हो, हे कडू आहे पण खरं आहे. तरी नवीन प्लानमध्ये खाली दुकानं असतील तर एक मागून घ्या, तुमच्यासारखे सगळे मिळून लेखी द्या, सह्या व्हायच्या आधीच तुमचा भाव आहे.

अलकापुरीहून:
माझी बहीण लंडनला काउन्सिलच्या (तिथल्या नगरपालिकेच्या) इस्टेटमध्ये भाड्याने राहते, तिकडे पण हेच रडगाणं. साउथवर्कमधली हेगेट नावाची मोठी वसाहत पाडली, बाराशेच्या आसपास घरं होती, नवीन अडीच हजारांच्या वर बांधली पण जुन्यासारखी स्वस्त सरकारी भाड्याची शंभराच्या आसपासच, बाकी बहुतेक बाजारभावाची. तेव्हा लोक फारच भडकलेले. मग 2018 पासून लंडनच्या मेयरने नियम काढला, मोठ्या प्रोजेक्टमध्ये सरकारी घरं पाडायची आणि त्याचा फंड पाहिजे तर आधी राहणाऱ्यांचं गुप्त मतदान, भाडेकरूला पण मत. आपल्याकडे जिन्यात उभं राहून सगळ्यांसमोर सही, शेजारी बघतोय, नाही म्हणायची हिंमत कोणाची होणार!

वारसियावाला:
भाड्याचं नीट बघा. आमच्याकडे संजयनगरमध्ये 2017 ला अठराशेवर झोपड्या पाडल्या, घर देतो भाडं देतो म्हणून, मग भाडं अडकलं, काम अडकलं आणि लोक कॉर्पोरेशनवर मोर्चे काढत फिरले. भाडं ॲडव्हान्स किंवा पोस्ट डेटेड चेक आणि वर बँक गॅरंटी, हे ॲग्रीमेंटमध्ये असेल तरच खाली करा. तोंडी बोललेलं सोडून द्या. आणि एरिया सुपर बिल्टअपमध्ये (जिना, लिफ्ट वगैरे सगळं धरून) सांगत असतील तर थांबवा, रेराचा (बिल्डरांवरच्या कायद्याचा) कार्पेट म्हणजे बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती सोडून, तोच आकडा लिहून घ्या.

गोरवाकर ताई:
सगळ्यांना थँक्यू. पेढीनाम्यासाठी तलाट्याकडे उद्याच जाते. पण आईचं काय करू, तिला वाटतं भाड्याच्या घरात गेलो की परत येणारच नाही.

मांजलपूरचे काका:
त्यांची भीती चुकीची नाही, तरी राहायला तेच घर सेफ आहे असं पण समजू नका. 2013 च्या ऑगस्टमध्ये अटलादऱ्याला माधवनगरात तीन मजल्यांच्या दोन बिल्डिंगी पडल्या, 11 माणसं गेली, आणि त्या काही तुमच्याएवढ्या जुन्या पण नव्हत्या. भाड्याचं घर त्याच एरियात बघा, मंदिर आणि भाजीवाला तोच राहिला तर म्हातारी माणसं तयार होतात. पेढीनामा करताना आईंचं नाव पहिलं टाका, नंतर भावाशी वाद नको.