‘रक्षण’ या अर्थाचे शब्द निरनिराळ्या भाषांत कशावरून घडले?

‘तळटीप’ या टोपणनावाने विचारलेला प्रश्न

‘स्थगित’ या शब्दाचे मूळ शोधत असताना एक गोष्ट हाती लागली आणि तेव्हापासून ती मनातून जात नाही. संस्कृतातील ‘स्थग्’ या धातूचा अर्थ झाकणे असा आहे. स्थगित म्हणजे मुळात झाकलेले, बंद केलेले, आणि त्यावरून थांबवलेले. याच धातूचा लॅटिनमधील सगोत्र, म्हणजे एकाच मुळातून आलेला शब्द, ‘तेगेरे’. त्याचाही अर्थ झाकणेच. त्याला ‘पुढे’ या अर्थाचा ‘प्रो’ हा उपसर्ग लागून, कोणाच्या तरी पुढ्यात आच्छादन धरणे अशा अर्थाचे ‘प्रोतेगेरे’ हे क्रियापद झाले आणि इंग्रजीतील ‘प्रोटेक्ट’ त्यावरून आला. कौल या अर्थाचा लॅटिन ‘तेगुला’, रोमन नागरिकांचा ‘तोगा’, छप्पर या अर्थाचा जर्मन ‘डाख’ आणि शाकारणे या अर्थाचा इंग्रजी ‘थॅच’ ही सारी याच घराण्यातील मंडळी.

इथपर्यंत सारे सुसंगत वाटते. परंतु संस्कृतात याच धातूवरून ‘स्थग’ म्हणजे लबाड, खरे रूप झाकून ठेवणारा, असाही शब्द झाला आणि आपला ‘ठग’ हा त्याचाच वंशज आहे. म्हणजे रक्षक आणि ठग एकाच छपराखालचे निघाले.

माझा प्रश्न असा आहे की, रक्षण या कल्पनेसाठी जगातील भाषांनी प्रामुख्याने झाकण्याचीच प्रतिमा वापरली आहे, की इतरही प्रतिमा तितक्याच प्रबळ आहेत? आपल्या राखणे, पाळणे, जपणे या क्रियापदांकडे पाहिले तर त्यांत आच्छादनाचा मागमूस दिसत नाही. जाणकारांनी कृपया उदाहरणांसह लिहावे; केवळ ‘सर्व शब्द संस्कृतातून आले’ अशा धर्तीची उत्तरे नकोत, ही विनंती.

पांथस्थ

झाकण्याची प्रतिमा प्रबळ आहे यात शंका नाही आणि ती भारोपीय, म्हणजे संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांच्या, कुळापुरती मर्यादितही नाही. अरबीतील ज-न-न या मूळ व्यंजनांचा अर्थ झाकणे, दृष्टीआड करणे असा आहे. त्यावरून झाडांच्या दाटीने झाकलेली बाग ती ‘जन्नत’, डोळ्यांना न दिसणारा तो ‘जिन’, पोटात झाकलेला गर्भ तो ‘जनीन’ आणि अंग झाकणारी ढाल ती ‘मिजन्न’. हिब्रूमध्ये याच मुळाचे रूप ग-न-न असे आहे आणि तेथे त्याचा अर्थ थेट रक्षण करणे असाच आहे. ‘गान’ म्हणजे बाग आणि ‘मागेन’ म्हणजे ढाल. बाग आणि ढाल हे शब्द एका मुळाचे असावेत याचे नवल वाटते, परंतु पूर्वीची बाग ही आधी एक वेढलेली, राखलेली जागा होती हे ध्यानात घेतले की नवल उरत नाही.

मराठीत आच्छादनाचा मागमूस नाही, या आपल्या विधानाशी मात्र मी सहमत नाही. क्रियापदांत तो नसेल, पण वाक्प्रचारांत भरपूर आहे. आपण एखाद्याला पंखाखाली घेतो आणि एखाद्याच्या गुन्ह्यावर पांघरूण घालतो. दोन्ही ठिकाणी कृती झाकण्याचीच आहे, पण पहिलीत माया आहे आणि दुसरीत लबाडी. आपला रक्षक आणि ठग हा जोड मराठीने मूळ धातूची आठवण न ठेवताही पुन्हा एकदा घडवला, असे म्हणता येईल. ‘पाठीशी घालणे’ याचेही तेच. चिनी भाषेत रक्षण या अर्थाच्या ‘बाओ’ या शब्दाचे जे चिन्ह आहे, त्याच्या हाडांवर कोरलेल्या अतिप्राचीन रूपात पाठीवर मूल घेतलेला माणूस दिसतो. तेथेही पाठ आहे आणि येथेही पाठ आहे. मात्र आपल्याकडे पाठीशी घातला जातो तो बहुधा अपराधी असतो.

आता याच्या उलट दिशेने गेलेला एक शब्द पाहा. ‘गुप्त’ म्हणजे आज आपल्या लेखी लपवलेले, परंतु त्याचा जुना अर्थ रक्षिलेले असा आहे. चंद्रगुप्त म्हणजे चंद्राने लपवलेला नव्हे, तर चंद्राने रक्षिलेला. समुद्रगुप्त म्हणजे समुद्राने रक्षिलेला. पाणिनीय परंपरेत ‘गुप्’ हा स्वतंत्र धातू मानला आहे. ऐतिहासिक भाषाशास्त्राच्या अभ्यासकांचे म्हणणे मात्र असे की, गाईंना राखणारा तो ‘गोपा’, त्यावरून ‘गोपायति’ हे क्रियापद, आणि त्या क्रियापदातून गो (गाय) आणि पा (राखणे) यांचा सांधा विसरला गेल्यावर ‘गुप्’ हा धातू मागाहून वेगळा काढला गेला. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नीला ‘गोपामृतस्य’, म्हणजे ऋताचा, विश्वाच्या नियमाचा, राखणदार, असे म्हटले आहे. तेथे गाईचा संबंध केव्हाच मागे पडला आहे. त्यामुळे आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, स्थग्‌मध्ये झाकण्यातून रक्षण निघाले, आणि गुप्त या शब्दात गुरे राखण्यातून रक्षण व रक्षणातून झाकणे निघाले. अर्थाची ही वाट दोन्ही बाजूंनी रहदारीची आहे.

कानामात्रा

पांथस्थ यांनी गाईंचा उल्लेख केलाच आहे, तर ‘पा’ या धातूविषयी आणखी थोडे लिहितो, कारण माझ्या मते आपल्या भाषांपुरते तरी झाकण्यापेक्षा गुराख्याचे काम अधिक महत्त्वाचे ठरले आहे. नृप आणि भूप यांतील शेवटचा ‘प’ हाच. लॅटिनमधील मेंढपाळ, म्हणजे ‘पास्तोर’, आणि इंग्रजीतील अन्न या अर्थाचा ‘फूड’ हेही याच मुळाकडे नेले जातात, कारण कळप राखणे आणि कळप चारणे ही दोन कामे नव्हतीच. फारसीत याच धातूचा ‘बान’ किंवा ‘वान’ हा प्रत्यय झाला आणि तो दरवान, बागवान अशा शब्दांतून मराठीत आला. म्हणजे गोप, भूप आणि दरवान यांच्या नावांचा शेवट एकच आहे, मग त्यांच्या प्रतिष्ठेत कितीही अंतर असो.

‘पाळणे’ या क्रियापदाचा प्रवास याहून लक्षणीय आहे. आपण गुरे पाळतो, पण व्रतही पाळतो, नियम पाळतो आणि दिलेला शब्दही पाळतो. जे हातून निसटू द्यायचे नाही, ते सारे पाळायचे. हिब्रूतील ‘शामार’ म्हणजे पहारा करणे, राखणे. आणि शब्बाथचा विश्रामवार पाळण्यासाठीही हेच क्रियापद वापरतात. लॅटिन ‘सेर्वारे’ म्हणजे राखणे. त्यावरून इंग्रजीतील ‘रिझर्व्ह’, ज्याला आपण नेमके ‘राखीव’ म्हणतो, आणि ‘ऑब्झर्व्ह’, ज्याचा अर्थ निरखणे असाही होतो आणि व्रत किंवा सण पाळणे असाही होतो. या तिन्ही भाषांनी हे परस्परांचे पाहून केले असे मला वाटत नाही.

‘ऑब्झर्व्ह’मुळे पाहण्याचा मुद्दा आपोआप पुढे येतो. मराठीतील ‘निगा’ हा शब्द फारसी ‘निगाह’, म्हणजे दृष्टी, यावरून आला आहे. निगा राखणे म्हणजे शब्दशः नजर राखणे. देखरेख आणि देखभाल यांत तर देखणे उघडच आहे. जपानीतील रक्षण करणे या अर्थाचे ‘मामोरू’ हे क्रियापद डोळा या अर्थाचा ‘मा’ आणि राखण करणे या अर्थाचा ‘मोरू’ यांचे मिळून झाले आहे, आणि त्याचा जुना अर्थ टक लावून पाहणे असा होता. लॅटिन ‘तुएरी’ म्हणजे पाहणे आणि सांभाळणे. शिकवणी घेणारा ‘ट्यूटर’ हा मुळात अल्पवयीन मुलाचा पालक होता.

जो सतत पाहत राहतो, तो अर्थातच थांबून राहतो. म्हणून राखणे आणि वाट पाहणे हे दोन अर्थ एकमेकांना इतके चिकटलेले दिसतात. कन्नडमधील ‘कायु’ या क्रियापदाचे दोन्ही अर्थ आहेत. तमिळमध्ये ‘का’ म्हणजे रक्षण करणे आणि ‘कात्तिरु’, म्हणजे शब्दशः राखत असणे, याचा अर्थ वाट पाहणे असा होतो. स्वाहिलीतील ‘लिंडा’ म्हणजे राखण करणे, तर तिच्याच बांटू कुळातील झुलू भाषेत ‘लिंडा’ म्हणजे थांबणे. इंग्रजी ‘वेट’चा जुना अर्थही पहारा करणे, टेहळणी करणे हाच होता. एकमेकींशी नाते नसलेल्या तीन भाषाकुळांत हाच सांधा आढळतो. त्यामुळे हा योगायोग नसून, शेताच्या कडेला रात्रभर बसून राहिलेल्या माणसाचा अनुभव त्यामागे असावा, असे मी मानतो.

अरबीतील ह-फ-ज या मुळाविषयी एक वाक्य लिहिल्यावाचून राहवत नाही. त्यातून जतन करणे आणि पाठ करणे असे दोन अर्थ निघतात. ‘हाफिज’ म्हणजे रक्षणकर्ता, आणि ज्याला कुराण मुखोद्गत आहे तोही हाफिज. आपल्या ‘जप’ आणि ‘जपणे’ यांच्यात असाच दुवा असावा, म्हणजे पुन्हा पुन्हा मनात आणणे हेच सांभाळणे ठरले असावे, असे माझे अनुमान आहे. त्याला अनुमानाहून अधिक वजन कोणी देऊ नये.

जुनी वही

वरील दोन्ही उत्तरे वाचनीय आहेत, परंतु या विषयात पाय घसरण्याच्या जागा फार आहेत आणि त्यांची नोंद येथे असावी. रक्षण ही कल्पनाच इतकी प्रिय आहे की ती जेथे नाही तेथेही लोकांना दिसते. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात ‘क्षतात् किल त्रायत इत्युदग्रः क्षत्रस्य शब्दो भुवनेषु रूढः’ असे म्हटले आहे. जखमेपासून, म्हणजे क्षतापासून, त्राण देणारा तो क्षत्र. काव्य म्हणून हे सुंदर आहे, व्युत्पत्ती म्हणून मात्र टिकत नाही. क्षत्र म्हणजे सत्ता, राज्य. इराणी भाषांत त्याचे सगोत्र रूप ‘ख्शथ्र’, आणि फारसीतून आपल्याकडे आलेला ‘शहर’ हा त्याचाच वंशज. शेवटचा ‘त्र’ हा पात्र, अस्त्र यांत दिसतो तसा केवळ प्रत्यय आहे. मनन करणाऱ्याला तारतो तो मंत्र, ही लोकप्रिय फोडही याच प्रकारची आहे. गंमत अशी की ‘क्षत्रप’ या शब्दात रक्षण खरोखरच आहे, परंतु ते ‘त्र’मध्ये नसून शेवटच्या ‘प’मध्ये आहे, राज्य राखणारा तो क्षत्रप, आणि ग्रीकांनी त्याचाच ‘सात्रापेस’ केला.

‘राक्षस’ या शब्दाचीही हीच कथा आहे. ज्याच्यापासून रक्षण करायचे ते रक्षस्, अशी व्युत्पत्ती प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने निरुक्त या ग्रंथात दिली आहे, परंतु तिच्या जोडीला त्याने आणखीही दोन पर्याय सुचवले आहेत. त्यावरून त्याची स्वतःचीच खात्री नसावी असे मला वाटते. याउलट ‘रक्ष्’ आणि ग्रीक ‘अलेक्सेइन’, म्हणजे संकट परतवणे, यांचे नाते वरवर पाहता अजिबात पटणारे नाही, तरी ते ध्वनिनियमांना, म्हणजे भाषांतील ध्वनी ज्या ठरावीक रीतीने बदलतात त्या नियमांना, धरून आहे. अलेक्झांडर या नावाचा अर्थ माणसांचा रक्षणकर्ता असा होतो, आणि त्याच्या नावाचा पहिला भाग आपल्या ‘राखण’चा दूरचा नातलग आहे. शब्द सारखे दिसतात म्हणून नाते जोडू नये, तसेच वेगळे दिसतात म्हणून ते तोडूही नये.

जर्मनमध्येही असाच एक फसवा जोड आहे. ‘श्युत्सन’ म्हणजे रक्षण करणे आणि ‘श्युत्स’ म्हणजे नेमबाज. ऐकणाऱ्याला वाटते की रक्षण करणारा तो नेमबाज. प्रत्यक्षात दुसरा शब्द गोळी किंवा बाण मारणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे, तर पहिल्याचा जुना अर्थ मातीची भर घालून पाणी अडवणे असा होता. बांध घालण्याची ही प्रतिमा वर कोणी सांगितली नाही, म्हणून नोंदवून ठेवतो.

तळटीप

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘क्षत्र’विषयीचा माझाही समज चुकीचाच होता, हे मान्य करतो. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. एक म्हणजे इंग्रजी ‘डिफेन्ड’ या शब्दात यांपैकी कोणती प्रतिमा आहे? आणि दुसरी, ‘जुगुप्सा’ हा शब्द खरोखरच ‘गुप्’ या धातूचा आहे का? कोशात तसे लिहिलेले दिसते, परंतु रक्षणाचा आणि किळसेचा संबंध मला लागत नाही.

पांथस्थ

‘डिफेन्ड’मध्ये यांपैकी कोणतीच प्रतिमा नाही; त्यात प्रहार आहे. ‘दे’ म्हणजे दूर आणि ‘फेन्देरे’ म्हणजे मारणे. मारून दूर हटवणे. हा ‘फेन्देरे’ संस्कृतातील ‘हन्’ या धातूचा सगोत्र आहे, त्यामुळे डिफेन्स आणि हनन हे एका कुळातले ठरतात. कुंपण या अर्थाचा ‘फेन्स’ हा ‘डिफेन्स’चेच तुटलेले रूप आहे, म्हणजे तेथे कुंपणच मारकुटे निघाले. जर्मनमध्ये अर्थाने आणखी एक पाऊल टाकले: ‘गेवेअर’ या शब्दाचा जुना अर्थ संरक्षण असा होता, आज त्याचा अर्थ बंदूक असा आहे.

‘जुगुप्सा’ मात्र कानामात्रा यांनी सांगावी. व्याकरणाचा भाग त्यांचा आहे.

कानामात्रा

होय, ती ‘गुप्’चीच आहे. धातूला ‘सन्’ हा प्रत्यय लागला की सामान्यतः इच्छेचा अर्थ येतो. जसे ज्ञा पासून जिज्ञासा, म्हणजे जाणण्याची इच्छा. गुप्, तिज् आणि कित् या तीन धातूंसाठी पाणिनीने ‘गुप्तिज्किद्भ्यः सन्’ (३.१.५) असे वेगळे सूत्रच केले आहे, कारण तेथे सन् लागूनही इच्छेचा अर्थ राहत नाही, तितिक्षा म्हणजे सहनशीलता आणि चिकित्सा म्हणजे उपचार ही त्यांतील उरलेल्या दोघांची रूपे. ऐतिहासिक दृष्टीने पाहिले तर जुगुप्सेचा मूळ अर्थ स्वतःला एखाद्या गोष्टीपासून राखू पाहणे असा लागतो. जिच्यापासून स्वतःला राखावेसे वाटते, ती गोष्ट पंचमी विभक्तीत येते. ‘पापात् जुगुप्सते’ म्हणजे तो पापापासून अंग काढून घेतो, पापाची त्याला किळस येते. घाणीजवळून जाताना आपण पदर किंवा हात नाकाशी नेतो, तेव्हा रक्षण, झाकणे आणि किळस ही तिन्ही एकाच हालचालीत असतात.