शांततेत ९२ टक्के, मग राम मारुती रोडवर शब्द का लागत नाहीत?

पाचपाखाडी_४१

वय ७२. दोन्ही कानांचा ऑडिओग्राम (कोणत्या पट्टीचा आवाज किमान किती मोठा असला की ऐकू येतो याचा आलेख; आकडा मोठा तितकं ऐकणं कमी) जवळपास सारखा: २५० आणि ५०० हर्ट्झला २० डेसिबल, १००० ला २५, २००० ला ३५, ४००० ला ५५, ८००० ला ७०. हाडामार्गे घेतलेले आकडेही तेच, म्हणजे दोष आतल्या कानाचा. मळ काढून झालाय. बंद खोलीतली शब्दचाचणी ९२ टक्के. दोन्ही कानांना दोन महिन्यांपासून मशीन (श्रवणयंत्र) आहे, रिसीव्हर म्हणजे छोटा स्पीकर कानात बसणारं, उघडे डोम (त्यावरच्या भोकांच्या मऊ टोप्या).

घरात समोरासमोर काही अडत नाही. ठाण्यातल्या गजबजलेल्या राम मारुती रोडवर, हॉटेलात पाच-सहा जणांत किंवा लग्नाच्या हॉलमध्ये मात्र "आवाज येतोय, शब्द लागत नाहीत". आवाज वाढवला की गोंगाटही तेवढाच वाढतो. ९२ टक्के असताना असं का? आणि पुढच्या सेटिंगला नेमकं काय मागायचं?

कर्णपटल

ते ९२ टक्के एका वेळी एक शब्द आणि मागे चिडीचूप शांतता, अशा परिस्थितीतले. गोंगाटातून बोलणं वेगळं काढण्याचं काम त्या चाचणीत कानाला करावंच लागत नाही.

ऑडिओग्राममधली खरी गोम २००० च्या पुढे आहे. स्वरांचा जोर बराचसा १००० हर्ट्झच्या खाली, म्हणून "आवाज येतो". स, श, फ, थ यांची ओळख वरच्या पट्टीत, 'स'ची तर मुख्यतः ४००० च्या पुढे. भाजीवाला "साठ" म्हणाला आणि 'स' गळला की कानात पडतं "आठ". घरात मेंदू संदर्भावरून दुरुस्ती करतो (आठ रुपयांत जुडी मिळते कुठे आता!). बाजारात आजूबाजूच्या शब्दांवरही हॉर्न आणि इतरांची बडबड चढलेली असते, मग दुरुस्तीला आधारच उरत नाही.

यातला 'स' मशीन काही प्रमाणात परत आणतं. पण आतल्या कानातल्या बाहेरच्या रांगेतल्या केशपेशी (आवाजाला प्रतिसाद देणाऱ्या सूक्ष्म पेशी) गेल्या की कानाची वारंवारतेची चाळणी भोकं मोठी झाल्यासारखी होते, शेजारशेजारचे आवाज एकात एक मिसळतात. ती चाळणी मशीनने बारीक होत नाही.

शिवाय केशपेशी आणि श्रवणतंतू यांच्यातले सांधे गळतात. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांत दाखवलं की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत होते, पण सांधे परत येत नाहीत. वाढत्या वयाबरोबर होणारी ही झीज माणसाच्या आतल्या कानाच्या मरणोत्तर तपासणीतही दिसली आहे. ऑडिओग्राममध्ये ती उमटत नाही. आणि मेंदू: २०१६ च्या मेरीलँड विद्यापीठातल्या अभ्यासात ६१ ते ७३ वयाच्या, ऑडिओग्राम नॉर्मल असलेल्या लोकांतही मध्यमेंदूचा बोलण्याला प्रतिसाद तरुणांपेक्षा क्षीण निघाला.

घणसोली_फिटिंग

सेटिंगला जाताना या गोष्टी मागा.

आधी गोंगाटातली चाचणी. क्विकसिन या अशा चाचणीत सहा वाक्यं, प्रत्येकात पाच महत्त्वाचे शब्द. बोलणं मागच्या बडबडीपेक्षा २५ डेसिबल वर असताना सुरुवात, मग पाच-पाचने उतरत शून्यापर्यंत. एकूण बरोबर शब्द २५.५ मधून वजा करायचे. उत्तर ३ पर्यंत ठीक, ३ ते ७ सौम्य, ७ ते १५ मध्यम, त्यापुढे तीव्र अडचण. सात आले तर साधारण असा अर्थ की इतरांना जेवढं भागतं त्यापेक्षा बोलणं सात डेसिबल जास्त उठून यायला हवं.

मग रिअल इअर, म्हणजे मशीनचा आवाज प्रत्यक्ष कानात मोजणं. डोमच्या बाजूने कानात बारीक नळी सरकवून, ६५ डेसिबलचं बोलणं लावून, पडद्याजवळ ३००० ते ४००० हर्ट्झला टार्गेट (तुमच्या ऑडिओग्रामवरून ठरलेली आवाजाची पातळी) गाठतंय का ते पडताळतात. कंपनीच्या फर्स्ट फिटवर (सॉफ्टवेअरने आपोआप लावलेल्या पहिल्या सेटिंगवर) सोडलेलं मशीन बहुतेकदा तिथेच कमी पडतं, आणि कमी पडणारा भाग नेमका 'स'चा.

आता डोम. उघड्या डोममधून खालच्या पट्टीचा गोंगाट थेट आत येतो, मशीनमधल्या दिशादर्शक माइकला (समोरचं घेऊन मागचं दाबणारा) तो रोखता येत नाही. बंद डोम किंवा छोट्या व्हेंटचा (हवेच्या भोकाचा) मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा, लावून पाहा. मात्र तुमचे २५० आणि ५०० चांगले आहेत, त्यामुळे स्वतःचा आवाज डब्यात बोलल्यासारखा घुमेल. आठवडाभर वापरून ठरवा. 'नॉइज रिडक्शन'वर फार पैसे घालू नका. त्याने कानाला आराम मिळतो, शब्द फारसे वाढत नाहीत.

वाशी_सेक्टर९

भर: चाचणी इंग्रजी वाक्यांची असेल आणि इंग्रजीची सवय कमी असेल तर गुण भाषेमुळेही पडतात. मराठी शब्दयादी आणि मागे बडबड लावून +१०, +५ आणि ० डेसिबलला (बोलणं बडबडीपेक्षा तेवढं वर असताना) वेगवेगळे टक्के लिहून घ्या. ठाण्यात कोणी करत नसेल तर वांद्रे रिक्लेमेशनला अली यावर जंग या श्रवणदोषांसाठीच्या संस्थेत चौकशी करा.

हॉटेलात पाठ भिंतीला लावून बसा.

घणसोली_फिटिंग

पाठ भिंतीला हा सल्ला मशीन नसलेल्यांसाठी. दिशादर्शक माइक पुढचं घेतो आणि मागचं दाबतो. म्हणून उलट, गर्दी पाठीमागे ठेवायची आणि बोलणाऱ्याला भिंतीच्या बाजूला, समोर बसवायचं. काउंटर आणि मिक्सरकडे तोंड करून बसलात तर माइक मिक्सरच उचलतो.

पाचपाखाडी_४१

भिंतीबाबत चूकच होत होती. लग्नाच्या हॉलमध्ये काय? तिथे समोर-मागे असं काही नसतंच.

कर्णपटल

तिथे दिशादर्शक माइकचा फायदा जेमतेम. फरशी, काच, उंच छत, सगळीकडून प्रतिध्वनी. रिमोट माइक (मशीनला बिनतारी आवाज पाठवणारा) घ्या, बोलणाऱ्याच्या कॉलरला, तोंडापासून १५-२० सेंटीमीटरवर. मोकळ्या जागेत २ मीटरवरून २० सेंटीमीटरवर आलं की हिशेबाने २० डेसिबल मिळतात, तेवढं कानातलं कुठलंच सेटिंग देत नाही. खरेदीआधी तुमच्या मशीनशी जुळतो का विचारा, सगळे सगळ्यांना चालत नाहीत.

घरच्यांना एवढंच सांगा: आधी हाक, मग वाक्य. ओरडलं की स्वरच फुगतात, 'स' आणि 'थ' तिथेच राहतात. नाही कळलं तर तेच वाक्य तिसऱ्यांदा नको, शब्द बदला. "साठ"ऐवजी "सहा दहाच्या नोटा".

आणि कुठलाही एक कान अचानक किंवा दुसऱ्यापेक्षा जास्त बिघडला तर सेटिंगची वाट पाहू नका. अचानक असेल तर त्याच दिवशी ईएनटी गाठा.