खालच्या पार्किंगची स्विफ्ट आणि पोहण्याची बॅच

मीनल (बी-५०४): सेक्रेटरीसाहेब, आज सकाळच्या बॅचमधून काकांनी पुन्हा दोन मुलं बाहेर बोलावली. म्हणे खडकवासल्यातून पाणी सोडलंय. आपल्या पूलमध्ये टँकरचं पाणी असतं हो, मुठेचं नाही.

सचिन (ए-१०२): टँकरवरून आठवलं, सी विंगला रोज दोन आणि आम्हाला एकच का?

गणेश (सी-२०४): पांढरी स्विफ्ट माझ्या जागेत कोणी लावली आहे? काढा.

मीनल (बी-५०४): विषय बदलू नका. संध्याकाळच्या बॅचला ओवी शिडी सोडायलाच तयार नाही. सरांना विचारते, "पाणी किती वाजता येणार?" आठ वर्षांची पोर!

काका (बी-२०३): ओवी? आमची ओवी?

मीनल (बी-५०४): हा मेसेज डिलीट केला आहे

सचिन (ए-१०२): बोंबला.

स्नेहल (बी-२०३): बाबा, मीच नाव घातलंय तिचं. घरी बोलू.

काका (बी-२०३): इथेच बोलतो. १२ जुलै १९६१. मी सहा वर्षांचा, घर नारायण पेठेत. रात्रभर जवान पानशेतवर वाळूची पोती टाकत होते आणि गावाला पत्ता नाही. सकाळी धरण फुटलं, दुपारी खडकवासलाही गेलं. मी वडिलांच्या खांद्यावर होतो. पाणी ओसरल्यावर परत आलो तर घरात गुडघाभर चिखल. आईच्या शिवणयंत्राचं चाक फिरेना. पुढे गोखलेनगरला राहिलो. पट्टीचा पोहणाराच बुडतो, असं आई मरेपर्यंत म्हणायची.

सचिन (ए-१०२): काका, दर जुलैला हाच एपिसोड 😄

काकू (ए-३०१): चेष्टा पुरे. २०२४ च्या जुलैत एकतानगरीत पाणी शिरलं, त्या पहाटे काकांनी बेल वाजवून उठवलं नसतं तर तुझी गाडी तरंगली असती. तेव्हा बरा आला होतास दुधाची पिशवी घेऊन थँक्यू म्हणायला.

गणेश (सी-२०४): स्विफ्ट अजून तिथेच आहे. फोटो टाकू का?

मीनल (बी-५०४): काकांबद्दल आदरच आहे. पण बॅचचे पैसे आम्ही भरलेत.

स्नेहल (बी-२०३): काकू, तुमचं पटतं. पण आमच्या दाराशी जूनपासून भरलेली पिशवी असते. खरेदीखत, गॅसचं पुस्तक, मेणबत्त्या, आईंच्या पाटल्या. यंदा ओवीने त्यात स्वतःची बाहुली ठेवली. रात्री झोपायला काढून घेते, सकाळी उठली की आधी परत पिशवीत. तिला हे कोणी सांगितलेलं नाही. अमितचं म्हणाल तर दिवेआगरला सगळे पाण्यात आणि हा वाळूवर चपला सांभाळत बसलेला.

अमित (बी-२०३): स्नेहल, हे ग्रुपवर कशाला?

सेक्रेटरी: कृपया घरगुती विषय वैयक्तिक मेसेजवर घ्यावेत. पूलचा मेंटेनन्स १० तारखेपर्यंत भरावा. थकबाकीदारांची नावं टाकायला लावू नका.

सचिन (ए-१०२): टाकाच. कळू दे सगळ्यांना.

काका (बी-२०३): नदीवर जाताना आई पदराचं टोक माझ्या मनगटाला बांधायची. मी अमितला कधी काही बांधलं नाही.

स्नेहल (बी-२०३): बांधायची गरजच पडली नाही, बाबा. कॉलेजच्या सहलीला जाऊ का, असं त्याने एकदाही विचारलं नाही तुम्हाला.

काकू (ए-३०१): 🙏

गणेश (सी-२०४): शेवटचं विचारतोय. स्विफ्ट कोणाची?

काका (बी-२०३): सेक्रेटरी, लहान मुलांकडच्या बाजूला पाणी किती आहे?

सेक्रेटरी: अडीच फूट, काका. शिवाय सर पाण्यातच उभे असतात.

काका (बी-२०३): बरं. संध्याकाळी किती वाजता?

सेक्रेटरी: सहा.

अमित (बी-२०३): गणेश, सॉरी, स्विफ्ट माझी. आमची जागा खाली आहे ना. विसर्ग वाढवल्याची बातमी आली, म्हणून रात्रीच वर आणून लावली. दहा मिनिटांत काढतो.

गणेश (सी-२०४): राहू दे. किती हजारांवर गेलाय?