जुन्या वाड्यांच्या, मागांच्या लाकडाचे पेन करावेत का?

साखरपेठकर: सोलापुरात जुने वाडे पडतायत, पूर्व भागातले हातमाग मोडीत निघतायत. चांगलं सागवान वखारीत जातं, उरलेलं चुलीत. मला हे बघवत नाही. त्याचे पेन करावेत, सोबत कुठल्या वाड्याचं, कुठल्या मागाचं याची चिठ्ठी द्यावी. ९ बाय ६ इंची तुळईच्या एका फुटातून पेनाच्या शंभरावर पट्ट्या निघतात. ‘रेझोल्यूट’ या ब्रिटिश जहाजाच्या लाकडाचं टेबल १८८० साली राणी व्हिक्टोरियानं अमेरिकेच्या अध्यक्षांना दिलं. लाकूड जपलं म्हणून जहाजाचं नाव राहिलं.

बाळीवेस: माझा विरोध. ते जहाज आधी मोडीत निघालं, टेबल नंतर झालं. इथं उलटं होईल. तुळईला भाव आला की दुरुस्त होणारा वाडाही पाडतील. आणि पुरावा काय? पट्टी तासून पॉलिश केली की जुनं सागवान कुठलं, नवं कुठलं, गिऱ्हाइकाला काय कळणार? उद्या कुणी ‘मार्शल लॉच्या काळातलं लाकूड’ म्हणून विकेल. सोलापुरात १९३० साली मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लागला होता; तेव्हाचे हुतात्मे धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन, शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. त्यांच्या नावावर धंदा झालेला मला अजिबात खपणार नाही.

साखरपेठकर: हुतात्म्यांचं नाव नकोच, शंभर टक्के मान्य. पुराव्याचं म्हणाल तर तुळई जागेवर असतानाचा फोटो काढायचा, प्रत्येक तुकड्यावर नंबर टाकायचा.

मागाघरची: मागावर धागा नेणाऱ्या धोट्याला मात्र हात लावू नका. अखंड धोटा हातात दिला की पोरांना दाखवता येतं, ताण्याच्या उभ्या धाग्यांतून तो कसा पळायचा, मागे बाण्याचा आडवा धागा कसा सोडायचा. पेन झाल्यावर त्यातलं काय दिसणार? मागाचे खांब घ्या की, ते जाडजूड असतात.

लेथवाला: जुन्या तुळईत खिळे असतात, आधी ते शोधावे लागतात, नाहीतर हत्यार गेलंच. पण वर्षानुवर्षं मुरलेलं लाकूड सहसा वाकत नाही. भोक पाडून आत पितळी नळी चिकटवायची. शाईपेन असेल तर बोटांत धरायचा भाग एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा करा, लाकूड शाई पितं. हे काम मी आनंदानं करीन.

बाळीवेस: मग उभ्या वाड्याची एकही तुळई घेणार नाही, हे आधी लिहून द्या. पडलेल्या वाड्याचं लाकूडही मालकाच्या सहीनंच. तोवर माझा विरोध कायम.