निकॉन डी५६०० साठी एकच प्राइम लेन्स: ३५, ५० की ८५?

प्रश्न

माझ्याकडे निकॉन डी५६०० आणि त्यासोबत आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स आहे. घरातील वडीलधाऱ्या मंडळींची पोर्ट्रेट आणि संध्याकाळी देवळात होणारी कीर्तने हे माझे मुख्य विषय आहेत. देवळात फ्लॅश उडवणे मला प्रशस्त वाटत नाही, आणि ५५ एमएमला किट लेन्सचे ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र; एफचा आकडा लहान तितके ते मोठे) एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नसल्याने आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ६४०० पर्यंत नेऊनही चिपळ्या वाजवणारे बुवांचे हात अस्पष्टच येतात. सध्या एकच प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स घेणे शक्य आहे. ८५ एमएम हीच खरी पोर्ट्रेट लेन्स असे बहुतेक जण सांगतात, त्यामुळे माझा कल तिकडे आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

८५ एमएमची ती ख्याती फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यांवरची आहे. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यामुळे त्यावर ५० एमएम सुमारे ७५ सारखी, तर ८५ एमएम जवळजवळ १२८ सारखी वागते, म्हणजे दृश्य अधिक जवळ दिसते. म्हणून आधी घरातली खोली मोजावी, असे मी आग्रहाने सांगेन. कॅमेरा उभा धरून कमरेपासून वरची व्यक्ती चौकटीत बसवायची असेल, तर ८५ ला साधारण बारा फूट, ५० ला सात फूट आणि ३५ ला पाच फूट अंतर लागते. दहा बाय बाराच्या खोलीत कॉट आणि कपाट सोडून बारा फूट कुठून मिळणार? दुसरीकडे, ३५ ने केवळ चेहरा टिपायचा म्हटले की इतके जवळ जावे लागते की नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, आणि वृद्धांच्या चेहऱ्यावर ते फार खटकते.

त्यामुळे माझे मत निःसंशय ५० एमएम एफ/१.८ ला. एफ/५.६ च्या तुलनेत ती नऊपटींहून अधिक प्रकाश आत घेते, म्हणजे जिथे आज शटर स्पीड १/२५ सेकंद मिळतो तिथे त्याच आयएसओला जवळपास १/२५० मिळेल. किट लेन्समधील व्हीआर आपल्या हाताची थरथर सावरते, बुवांच्या हातांची हालचाल थांबवत नाही. तिथे प्रकाशच हवा.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे, मात्र खरेदी करताना एक गोष्ट काटेकोरपणे पाहावी. डी५६०० च्या बॉडीत फोकस मोटर नाही. सेकंडहँड बाजारात ५० एमएम एफ/१.८ ‘डी’ स्वस्तात मिळते, पण ती आपल्या कॅमेऱ्यावर ऑटोफोकस करणार नाही. नावात ‘एएफ-एस’ आणि शेवटी ‘जी’ असलेलीच घ्यावी.

शिवाय एफ/१.८ सतत वापरू नये. तीन फुटांवरून चेहरा टिपताना या ॲपर्चरला जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. एका डोळ्याची पापणी रेखीव आणि दुसरा डोळा धूसर, असे सहज घडते. कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर सिंगल पॉइंट फोकस ठेवावा आणि खिडकीचा उजेड असेल तेव्हा एफ/२.८ वर यावे.

प्रतिसाद ३

कीर्तन हाच मुख्य विषय असता आणि बसायची जागा मागे असती, तर मी ८५ सुचवली असती. पहिल्या-दुसऱ्या रांगेत, चौदा-पंधरा फुटांवर जागा मिळत असेल, तर उभे बुवा पूर्ण येण्यासाठी ५० अगदी योग्य आहे. देवळातील एलईडी दिव्यांकडेही लक्ष द्यावे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने काही दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि १/२५० सारख्या स्पीडला फोटोवर आडवे काळपट पट्टे उमटतात. तसे दिसल्यास १/१०० वर यावे आणि बुवा चरण संपवून क्षणभर थांबतात, तेव्हा शटर दाबावे.