मिक्सरपेक्षा गाळणी बरी

बाळाला सहा महिने पूर्ण झालेत, प्युरी किती पातळ ठेवू, असं तुम्ही विचारलंय. आमची लेक आता अकरा महिन्यांची आहे. सुरुवातीला मी पेजेसारखं पातळ द्यायचे. पोट भरायचं, पण अंगी लागायचं नाही. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळू नये इतकं दाट हवं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं.

नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या बुधवारच्या बाजारातून लाल भोपळ्याची फोड आणते. साल काढून कुकरच्या डब्यात पाणी न घालता वाफवते, त्याचं त्यालाच पाणी सुटतं. मग गाळणीवर वाटीच्या बुडाने दाबते. दोऱ्या वर राहतात, खाली केशरी मऊ लगदा. त्यात थोडं साजूक तूप. मिक्सरमध्ये फार गुळगुळीत होतं आणि पुढे जरा रवाळ लागलं की बाळं तोंडातून बाहेर काढतात.

मात्र नुसत्या फळं-भाज्यांवर राहू नका. या वयात बाळाला लोह जास्त लागतं. घोटलेली मूगडाळ, चालत असेल तर पूर्ण शिजवलेलं अंडं लवकर सुरू करा. नवा पदार्थ एकेकच, मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या.

मीठ-साखर वर्षापर्यंत नको. मध तर घरातल्या मोठ्यांनी कितीही आग्रह केला तरी चाटवू नका, त्यातून बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका असतो. आणि आपल्याकडे हंगामात घरोघरी द्राक्षं असतात, अख्खं द्राक्ष बाळाच्या हाताला लागू देऊ नका. घशात अडकतं.